काळ्या दगडाची कसोटी

जळगावच्या सराफ बाजारात एके काळी सोन्याची परीक्षा काळ्या दगडावर होत असे. दागिन्याची कड कसोटीवर घासावयाची, शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढावयाची, दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडावयाचा आणि कोणती रेघ कितपत टिकते यावरून कस सांगावयाचा, अशी ही रीत. आता पेढीवर आणि हॉलमार्क केंद्रात त्या कामासाठी एक लहानसे यंत्र ठेवलेले असते. त्यातून दागिन्यावर क्ष-किरण पडतात. सोने, चांदी, तांबे यांचे अणू त्या माऱ्याने उत्तेजित होऊन आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकतात आणि यंत्र ते मोजून काही क्षणांत पडद्यावर टक्केवारी मांडते. ग्राहकाला हा चमत्कार वाटतो. जुना सराफ मात्र एवढ्यावर विसंबत नाही. यंत्राला दागिन्याचा केवळ वरचा पातळ थर दिसतो, आतला गाभा दिसत नाही, हे त्याला ठाऊक असते. जाड मुलामा दिलेला दागिना यंत्राला चकवू शकतो. म्हणूनच वाद पडला की अखेरचा निवाडा आजही आगीच्या परीक्षेतच होतो: शिशाबरोबर सोने वितळवून, हलके धातू जाळून व चांदी आम्लात विरघळवून उरलेल्या शुद्ध सोन्याचे वजन केले जाते.

ज्या काळ्या दगडाने सोने पारखले जाई, त्या दगडाचीच पारख आता या यंत्राच्या थोरल्या भावंडांकडे आली आहे. धुळे-जळगावच्या महाविद्यालयांतून भूशास्त्र शिकणारा विद्यार्थी हातोडीने फोडलेला बेसाल्ट पिशवीत भरतो, दूरच्या प्रयोगशाळेकडे धाडतो आणि काही आठवड्यांनी त्याच्या हाती छापील तक्ता येतो. सिलिका इतके टक्के, टायटॅनियम इतके टक्के, बेरियम दशलक्षांश भागात इतके. हे आकडे दशांश चिन्हानंतर दोन-दोन स्थळांपर्यंत दिलेले असतात आणि विद्यार्थी ते तसेच प्रबंधात उतरवून घेतो. सराफ यंत्राच्या मर्यादा जाणून असतो, कारण चूक झाली तर त्याच्या गाठीचा पैसा जातो. विद्यार्थ्याच्या चुकीची किंमत विद्यार्थी भरत नाही. ती पुढे कधी तरी दुसरा कोणी भरतो. वर्णपटाच्या साहाय्याने चालणाऱ्या रासायनिक विश्लेषणाच्या शिक्षणातील खरा प्रश्न येथे आहे.

रेषांची भाषा

या विद्येचा जन्मच मुळी दगड आणि पाणी यांच्या परीक्षेत झाला. जर्मनीत बुन्सेन आणि किर्खोफ यांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्य ज्योतीत तापले की आपल्या ठराविक रंगांच्या रेषा देते, आणि त्या रेषा दुसऱ्या कोणाच्याही नसतात. ड्यूर्कहाइम येथील खनिज झऱ्याचे सुमारे ४४ हजार किलो पाणी आटवून बुन्सेनने त्यातून एका नव्या मूलद्रव्याचे काही ग्रॅम क्षार हस्तगत केले. त्याच्या निळ्या रेषांवरून त्याला सीझियम हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी लेपिडोलाइट या अभ्रकातून रुबिडियम निघाले. १८६३ मध्ये फ्रायबर्गच्या खाणशाळेत जस्ताच्या खनिजातून इंडियम सापडले, त्याची कथा तर मोठी मनोवेधक आहे. संशोधक राइख रंगांध होता. वर्णपटातील गर्द निळी रेषा त्याला दिसणे शक्य नव्हते. ती पाहण्याचे काम त्याने आपला सहकारी रिश्टर याच्यावर सोपविले. ज्याला आपल्या डोळ्यांची मर्यादा ठाऊक होती, त्याच्या हातून मूलद्रव्य निसटले नाही.

उलट उदाहरणही आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यांच्या प्रकाशातील एक पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा इंग्लंडमध्ये लॉक्यर याने ती हेलियमची ठरविली. पुढे सत्तावीस वर्षे हेलियम केवळ सूर्यावरच होते. वास्तविक १८९० च्या सुमारास अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील हिलेब्रँड या रसायनज्ञाने युरेनियमच्या खनिजातून तो वायू काढलाही होता. हा मनुष्य आपल्या काळातील दगडांचा अव्वल विश्लेषक होता. पण तो वायू नायट्रोजन असावा असा निष्कर्ष काढून त्याने तो विषय संपविला. १८९५ मध्ये लंडनच्या रॅम्झीने तशाच एका खनिजातून वायू काढला, वर्णपट पाहिला आणि त्याला तीच पिवळी रेषा आढळली. उपकरण दोघांजवळ होते. एकाने उत्तर आधी गृहीत धरले, दुसऱ्याने रेषा पुन्हा ताडून पाहिली, इतकाच काय तो फरक.

आज विद्यार्थ्याला ज्या पद्धती शिकाव्या लागतात त्या सगळ्या या एकाच झाडाच्या फांद्या होत. ज्योतीतील अणूंनी टाकलेला प्रकाश मोजणे ही पहिली. त्याच अणूंनी शोषलेला प्रकाश मोजणे ही दुसरी. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये ती व्यवहारात आणली. ज्योतीच्या जागी कित्येक हजार अंश तापमानाचा आर्गॉनचा प्लाझ्मा वापरला की एकाच नमुन्यातील अनेक मूलद्रव्ये एका दमात मोजता येतात. दगडाची भुकटी न विरघळविता तिच्यावर क्ष-किरण टाकणे ही सराफाच्या यंत्राची पद्धत. खनिजाच्या स्फटिकातील पाणी, कार्बोनेट वा सिलिकेटची बांधणी पाहावयाची तर अवरक्त किरण किंवा रामन परिणाम हवा. शेवटच्या दोन पद्धती कोणते अणू आहेत यापेक्षा ते एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे सांगतात, आणि हा भेद पाठ्यपुस्तकातील तक्त्यात हरवून जातो.

भिंतीचा प्रश्न

खानदेशात या विद्येचे काम काय, असे विचारणाऱ्याने धुळ्याहून साक्रीकडे किंवा नंदुरबारकडे जावे. सपाट माळावर मध्येच एखाद्या पडक्या तटासारखी काळी कातळाची रांग उभी राहिलेली दिसते आणि ती मैलोन्‌मैल पूर्व-पश्चिम जात राहते. या भूशास्त्रातील भित्ती, अर्थात डाईक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याचे थर साचत असताना जमिनीला पडलेल्या भेगांत जो रस थिजला, त्याच्या या भिंती. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भिंती उघड्या पडल्या. नंदुरबार-धुळे पट्ट्यातील अशा दोनशेहून अधिक भित्तींची मोजणी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यांतील सर्वांत लांब भित्ती साक्री-धुळे-पारोळा अशी सुमारे ८० किलोमीटर धावते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या भिंतीचा संबंध विहिरीशी आहे. घट्ट, अभंग भिंत भूजलाचा प्रवाह अडविते आणि तिच्या वरच्या अंगाला पाणी साचते; तडे गेलेली भिंत स्वतःच पाण्याची साठवण होते. साक्री तालुक्यातील भित्तींचा भूजलाचे साठे म्हणून स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. जेथे भिंत काळ्या मातीखाली गडप होते आणि चार कोसांवर पुन्हा डोके वर काढते, तेथे ती तीच की दुसरी, हा प्रश्न पडतो. हातातील दोन्ही तुकडे काळे, जड, बारीक कणांचे. भिंगाखालीही पुष्कळदा तेच पायरोक्सीन आणि तेच प्लॅजिओक्लेज. डोळा येथे थकतो आणि रसायनाची साक्ष काढावी लागते.

ही साक्ष किती उपयोगी पडते हे सह्याद्रीने दाखविले आहे. इगतपुरीपासून महाबळेश्वरपर्यंतचा काळा कडा वर्षानुवर्षे 'दख्खनचा बेसाल्ट' या एकाच नावाने ओळखला जाई. १९८० च्या दशकात कॉक्स, हॉक्सवर्थ, बीन, हूपर, सुब्बाराव इत्यादी संशोधकांनी थरामागून थर तपासून टायटॅनियम, बेरियम, झिर्कोनियम, स्ट्रॉन्शियम यांच्या प्रमाणावरून त्याचे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर असे विभाग पाडले. बुशेच्या रसात जुन्या खंडीय कवचाची भेसळ पुष्कळ झालेली, अंबेनळीच्या रसात ती फारच थोडी. ही भेसळ ओळखण्यासाठी स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचाही आधार घ्यावा लागला. ते मोजणारा वस्तुमान-वर्णपटमापक नावाने याच घराण्यातला वाटतो, पण तो प्रकाश मोजत नाही; अणूंचे वजन निवडतो. परीक्षेत या नामसाधर्म्यामुळे किती गुण गमावले जातात, ते शिक्षकांना सांगावयास नको. पुढे खानदेशच्या भित्तींचे रसायन याच सह्याद्रीच्या थरांशी ताडून पाहण्यात आले, आणि कोणत्या भेगेतून कोणता थर वर आला असावा याचा शोध त्यातून सुरू झाला.

आकड्यातील खोट

सगळी भिस्त टायटॅनियम आणि बेरियम यांसारख्या आकड्यांवर आहे. नेमकी येथेच एक खोट दडलेली असते. क्ष-किरणांच्या वर्णपटात टायटॅनियमची मुख्य रेषा सुमारे ४.५१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि बेरियमची एक प्रमुख रेषा सुमारे ४.४७ वर. दख्खनच्या बेसाल्टात टायटॅनियम टक्क्यांत मोजावे इतके, बेरियम दशलक्षांशात मोजावे इतके थोडे. हाती धरून दगडावर टेकवावयाच्या यंत्राला या दोन रेषा अलग दिसत नाहीत. ढोलाच्या आवाजात पैंजण ऐकू यावे तशी ती स्थिती. यंत्र गणिताने वजाबाकी करते. वजाबाकी किंचित चुकली की टायटॅनियमचा काही भाग बेरियमच्या खात्यावर जमा होतो. हिशेबनिसाने एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर चढवावी, बेरीज तर जुळावी आणि ताळेबंद मात्र खोटा ठरावा, त्यातला हा प्रकार होय. उपाय आहे: बेरियमची अधिक ऊर्जेची, ३२ च्या आसपासची रेषा मोजावयाची, किंवा तरंगलांबीनुसार रेषा विलग करणारे मोठे यंत्र वापरावयाचे. पण हा उपाय ज्याला रेषांची जागा ठाऊक आहे त्यालाच सुचणार.

व्हॅनेडियमची गत निराळी नाही. त्याची मुख्य रेषा टायटॅनियमच्या दुसऱ्या रेषेला चिकटून बसते. व्हॅनेडियमचे महत्त्व येथील खनिजसंग्राहकांना वेगळ्या कारणाने आहे. जळगाव परिसरातील खाणींतून बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांचे स्फटिक निघतात व परदेशांतील संग्रहालयांपर्यंत पोचतात. महाराष्ट्रातील हिरव्या अपोफिलाइटचा रंग कशाने येतो, याचे उत्तर अमेरिकेतील जॉर्ज रॉसमन यांनी १९७४ मध्ये पुण्याच्या स्फटिकातून प्रकाश पाठवून आणि त्याचा शोषणपट घेऊन दिले. तो हिरवेपणा व्हॅनेडियमचा आहे. हिरवे म्हणजे तांबे किंवा लोह, असा नुसत्या डोळ्याने बांधलेला अंदाज येथे फसला असता.

यंत्रापूर्वीच्या चुका तर अधिक मोठ्या. दगडाची वरची गंजलेली साल काढली नाही, किंवा पोकळीतील झिओलाइट भुकटीत गेले, तर विश्लेषण लाव्ह्याचे होत नाही, नंतर झिरपलेल्या पाण्याने केलेल्या कारभाराचे होते. टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत दळले तर भुकटीत टंगस्टन आणि कोबाल्ट चक्कीचे येते. पोलादी खलात कुटले तर लोह आणि क्रोमियम खलाचे. हायड्रोफ्लुओरिक आम्लात उघड्या भांड्यात दगड विरघळविला की सिलिकॉन वायुरूपाने उडून जाते. मग त्या द्रावणात सिलिका शोधणे म्हणजे रिकाम्या तिजोरीचा हिशेब. ज्योतीत कॅल्शियम मोजताना दगडातीलच अ‍ॅल्युमिनियम आणि फॉस्फेट त्याला बांधून ठेवतात आणि आकडा खाली येतो. म्हणून द्रावणात लँथॅनम घालावे लागते. भुकटी तापवून वजनातील घट काढावयाची, तर ताज्या बेसाल्टात कधी घटीऐवजी वाढच होते, कारण त्यातील फेरस लोह हवेतील ऑक्सिजन घेते. ज्याला हे ठाऊक नाही तो विद्यार्थी ऋण आकडा चुकीचा समजून शून्य लिहितो, आणि तक्ता सुबक करण्याच्या नादात बरोबर निरीक्षण पुसून टाकतो.

दगडातील चूक फार तर एखादा नकाशा बिघडविते, असे कोणी म्हणेल. पण याच विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना पुढे पाण्याच्या कामावर जावयाचे असते. यावल-रावेर भागातील केळीच्या बागांना तापीच्या गाळाचे भूजल लागते आणि खतातील नायट्रेट त्याच पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची भारतीय मर्यादा आहे. ते मोजण्याची एक सोपी पद्धत म्हणजे २२० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचे शोषण पाहणे. परंतु पाण्यातील सेंद्रिय द्रव्यही तेथेच प्रकाश शोषते. म्हणून २७५ वर दुसरे वाचन घेऊन ते वजा करावयाचे असते. घाईत दुसरे वाचन वगळले तर निर्दोष विहीर दोषी ठरते. उलट, एका प्रयोगशाळेने आकडा नायट्रेटचा दिला आणि दुसरीने त्यातील नायट्रोजनचा, तर तेच पाणी एकीकडे ४५ आणि दुसरीकडे १० दाखवील. तक्त्याच्या मथळ्यातील एक शब्द न वाचता पाणी पिण्यायोग्य असल्याचा शेरा मारला गेला, तर त्याची किंमत तान्ह्या मुलांच्या प्रकृतीने भरावी लागते.

एकच दगड, अनेक उत्तरे

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एक मोठा उद्बोधक प्रयोग झाला. ऱ्होड आयलंडमधील ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातील डायाबेस असे दोन दगड दळून त्यांची एकजीव भुकटी अनेक नामांकित प्रयोगशाळांना वाटण्यात आली. त्यांची नावे जी-१ आणि डब्ल्यू-१. १९५१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा भूशास्त्रज्ञ चकित झाले. भुकटी एकच, विश्लेषक सारे अनुभवी, आणि उत्तरांतील तफावत मात्र कोणाच्याही अपेक्षेपलीकडची. प्रत्येकाने आजवर आपला आकडा दशांशांपर्यंत छापला होता. दुसऱ्याचा आकडा त्याच दगडावर काय येतो, हे कोणी विचारले नव्हते. या धक्क्यातून प्रमाण दगडांची प्रथा दृढ झाली. डब्ल्यू-१ हा डायाबेस धुळ्याच्या भित्तींचा सख्खा नव्हे तरी चुलत भाऊ म्हणावा असा आहे. आज जगभर हवाई बेटांतील बेसाल्टची बीएचव्हीओ नावाची भुकटी असेच वजनमाप म्हणून वापरली जाते. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीनेसुद्धा न्यू मेक्सिकोतील बेसाल्टची एक चकती तपासणीसाठी बरोबर नेली. २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ प्रज्ञानने लेसरच्या वर्णपटाने गंधक असल्याची ग्वाही दिली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे यथायोग्य कौतुक केले. परंतु असा आकडा विश्वासार्ह ठरविण्यासाठी पृथ्वीवर किती ज्ञात नमुने आधी मोजावे लागतात, याची बातमी सहसा होत नाही.

बाजारातील तराजूवर दरसाल नाही तरी ठरल्या मुदतीने शिक्का मारून घ्यावा लागतो, तो नसेल तर दंड होतो. संशोधनाच्या तराजूला तसा निरीक्षक नाही. तेथे प्रमाण दगड हाच निरीक्षक. विद्यार्थ्याने दहा नमुने पाठविताना त्यांत एक प्रमाण भुकटी आणि आपल्याच एका दगडाचे दोन भाग वेगवेगळ्या क्रमांकांनी मिसळले, तर खर्च दहावरून बारा नमुन्यांवर जातो. शुल्क स्वतःच्या खिशातून भरणाऱ्या मुलाला ही वीस टक्क्यांची वाढ जड वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु हे दोन नमुने वगळून उरलेल्या दहांवर केलेला खर्च कशाच्या आधारावर खरा मानावयाचा, हे त्याला कोणी विचारीत नाही, हा दोष निश्चितपणे व्यवस्थेचा आहे.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. तत्पूर्वी खानदेशची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. आता धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांना आपला स्वतःचा प्रमाण दगड करणे अशक्य नाही. धुळ्याजवळील एखाद्या भित्तीचा ताजा दगड भरपूर घ्यावा, दळून एकजीव करावा, देशातील चार-सहा चांगल्या प्रयोगशाळांकडून वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून घ्यावा आणि पुड्या बांधून प्रत्येक भूशास्त्र विभागात ठेवाव्या. भुकटी खरोखर एकजीव झाली की नाही हे तपासण्यातच वर्ष-दोन वर्षे जातील. आंतरराष्ट्रीय प्रमाणाची जागा ती घेणारही नाही. मात्र दर वर्षी तीच पुडी मोजणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा संग्रह होत जाईल, आणि त्या संग्रहात स्वतःच्या विभागाची चूक किती याचा पहिला प्रामाणिक अंदाज मिळेल. लाखो रुपयांचे यंत्र मागण्याच्या अर्जापेक्षा ही मागणी फारच लहान आहे, आणि कदाचित म्हणूनच ती कोणी करीत नाही.

तोवर थांबण्याचे कारण नाही. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळांत केळीच्या जमिनीतील पालाश मोजण्यासाठी ज्वाला-प्रकाशमापक वर्षानुवर्षे वापरात आहे. पोटॅशियमची गडद लाल रेषा ७६६ नॅनोमीटरच्या आसपास आणि सोडियमची पिवळी ५८९ वर, एवढ्या दोन रेषांवर या विद्येतील बहुतेक धडे देता येतात: प्रमाण द्रावणे करणे, आलेख काढणे, तो कोठे वाकतो ते पाहणे, कोरे द्रावण मोजणे. ही सारी भाषा मराठीत सांगता येते आणि सांगितली गेली पाहिजे. पदव्युत्तर वर्गात इंग्रजी संज्ञा पाठ म्हणणारा मुलगा 'कोरे द्रावण कशासाठी?' या प्रश्नाला मराठीत अडखळतो, तेव्हा त्याला ती संज्ञाही समजलेली नसते. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला दहा बाटल्या द्याव्या. त्यांतील दोन बाटल्यांत एकच द्रावण असावे आणि कोणत्या दोन ते विद्यार्थ्याला सांगू नये. सगळी मोजणी झाल्यावर शिक्षकाने त्या दोन बाटल्यांचे क्रमांक फळ्यावर लिहावे, आणि विद्यार्थ्याने त्यांच्या आकड्यांतील फरक वहीच्या पहिल्या ओळीत मांडावा.